पटसंख्येची कबड्डी

तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेतला सगळ्यात चुरशीचा सामना मैदानात होत नाही, वजनकाट्यावर होतो. मर्यादेपेक्षा पाव किलो जास्त भरलेला मुलगा आधी बूट काढतो, मग मोजे, मग मनगटातले रंगीबेरंगी धागे, आणि तरीही काटा मागे सरकत नाही म्हटल्यावर सर त्याला मैदानाला चार फेऱ्या मारायला पिटाळतात. बिचाऱ्याने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नसतो. काट्यावरून सुटला की तो कागदपत्रांच्या टेबलावर सापडतो. तिथे जन्मतारखेचा पुरावा, शाळेच्या शिक्क्याचं ओळखपत्र, मुख्याध्यापकांची सही, आणि फोटोतला चेहरा व समोरचा चेहरा एकाच माणसाचा आहे याची खात्री, एवढ्या चाळण्या लागतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असे तीन वयोगट, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, आणि कुस्तीत तर वजनाच्या इतक्या पायऱ्या की किराणा दुकानदाराच्या तराजूलाही एवढी वजनं लागत नसतील. एका दिवसाने वय जास्त निघालं तर मुलगा घरी. हे सगळं योग्यच आहे. समोरासमोर येणारी मुलं साधारण जोडीची असावीत, एवढाच त्यामागचा हेतू. आणि एवढी तयारी झाल्यावर चिठ्ठ्या टाकून पहिला सामना जाहीर होतो: ३,००० पटाची शाळा विरुद्ध १५० पटाची शाळा. मुलाला अर्धा किलो जास्त चालत नाही, शाळेला २,८५० मुलं जास्त चालतात. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला लावतो तो काटा, निदान तालुका पातळीवर आणि निदान सांघिक खेळांत, शाळेलाही लावावा.

यात नवं तत्त्व काहीच नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि जिल्हा क्रीडा परिषद ज्या शिडीने या स्पर्धा चढवत नेतात, तिच्यात वेगळेपणाची एक पायरी आधीपासूनच आहे. नाशिक जिल्ह्यात तालुके १५. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धा, असा हा प्रवास. पण नाशिक आणि मालेगाव या दोन महानगरपालिकांच्या हद्दीतल्या शाळा ग्रामीण शाळांशी जिल्ह्याच्या पायरीवर खेळतच नाहीत. त्यांच्या स्पर्धा स्वतंत्र होतात आणि गाठ पडते ती थेट विभागात. म्हणजे शहरातल्या शाळेचं बळ वेगळं, गावातल्या शाळेचं वेगळं, हे शासनाने मान्य केलेलंच आहे. फक्त हे मान्य करताना त्याने शाळेकडे पाहिलं नाही, महापालिकेच्या हद्दीच्या दगडाकडे पाहिलं. त्यामुळे पिंपळगाव बसवंत, सिन्नर किंवा येवला इथलं एखादं भलंमोठं हायस्कूल, ज्याच्या एकेका इयत्तेच्या तुकड्या मोजताना वर्णमाला पुढे सरकत जाते, ते कागदोपत्री 'ग्रामीण' ठरतं आणि त्याच तालुक्यातल्या, एका इयत्तेला एकच खोली असलेल्या शाळेशी खेळायला उतरतं. दुसऱ्या टोकाला, शहरातली पत्र्याच्या शेडमधली छोटी मराठी शाळा 'महानगर' ठरते. तिच्या महानगरपणाचा पुरावा म्हणजे समोरून जाणारी सिटी बस.

आता थोडं गणित करू, कारण या प्रश्नात भावनांपेक्षा गणितच जास्त विनोदी आहे. पाचवी ते दहावी १५० मुलं असलेली शाळा धरा. इयत्तेला २५, त्यात निम्म्या मुली. १७ वर्षांखालचा मुलींचा संघ आठवी ते दहावीतून काढायचा, म्हणजे हाताशी मुली ३७-३८. कबड्डीला १२ लागतात, सात मैदानात आणि पाच राखीव. दर तीन मुलींमागे एक घ्यायची. याच हिशेबाने ३,००० पटाच्या शाळेत मुली ७५०, म्हणजे दर बासष्ट-त्रेसष्ट मुलींमागे एक. मोठ्या शाळेत होते ती निवड चाचणी, लहान शाळेत होते ती जनगणना. शिवाय ही ३७ फक्त पटावरची. त्यातल्या चारजणींच्या घरी 'अर्धी चड्डी घालून खेळायचं नाही' असा ठराव झालेला असतो. निफाड-दिंडोरीकडे स्पर्धांच्याच सुमारास द्राक्षाची छाटणी चालू असते, इगतपुरी-पेठकडे भाताची आवणी नुकतीच उरकलेली असते आणि घरची कामं तुंबलेली. एकीचा गुरुवार असतो. उरलेल्या बाराजणींना संघ म्हणतात. खो-खोच्या संघालाही बाराच लागतात, तेव्हा त्याच बाराजणी खो-खोतही असतात. व्हॉलीबॉलला त्यातल्याच सहा, आणि रिलेला त्यातल्याच चार. कबड्डी आणि खो-खो एकाच दिवशी, शेजारशेजारच्या मैदानांवर ठेवण्याचा जो दूरदर्शीपणा आयोजक दाखवतात, त्यामुळे एखाद्या मुलीला इकडे चढाई करून तिकडे खो द्यायला पळावं लागतं. तिच्या दमसासाची नोंद कोणत्याच गुणपत्रकात होत नाही.

७५० मधल्या उत्तम बारा या ३७ मधल्या उत्तम बारांपेक्षा सरस निघणार, यासाठी कुणी मेहनत करायला नको आणि कुणी आळशी असायलाही नको. निवडायला माणसं जितकी जास्त, तितकं वरचं टोक उंच, एवढं साधं हे गणित आहे. दोन्हीकडचे शिक्षक सारखेच हुशार, मैदानं सारखीच सपाट आणि मुली सारख्याच जिद्दी असल्या तरी निकाल बहुतेक वेळा तोच लागेल. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'अमुक विद्यालयाचा दणदणीत विजय' असं छापून येतं, तेव्हा त्या बातमीचा निम्मा अर्थ 'अमुक विद्यालयात यंदाही प्रवेश जोरात' असा असतो. मजा अशी की शाळेच्या बाकी सगळ्या व्यवहारात पटसंख्येला देव मानलेलं आहे. पोषण आहाराचे तांदूळ पटावर, शिक्षकांची संख्या पटावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं परिशिष्टातच लिहून ठेवलं आहे. म्हणजे १०० च्या खाली पट असलेल्या शाळेकडे खेळाचा माणूस असेलच असं नाही, हे कायद्यालाही ठाऊक आहे. अशा शाळेत शिट्टी ज्याच्या खणात सापडेल तो क्रीडाशिक्षक. बहुधा तो गणिताचा असतो, किंवा वयाने सगळ्यात लहान, किंवा मागच्या सभेला गैरहजर राहिलेला. तांदळाला पट चालतो, शिक्षकाला चालतो, निदेशकाला चालतो. एकट्या कबड्डीलाच पटाचं वावडं का, हे मला उमगलेलं नाही.

पावसाचाही एक भाग आहे. शालेय स्पर्धांचा हंगाम ऐन पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आसपास जोरात असतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चांदवड-नांदगावकडे लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात, जिल्हा एकच. पश्चिमेकडच्या शाळांचं मैदान जुलै-ऑगस्टमध्ये मैदान नसतं, ते आवणीला योग्य असं शेत असतं. मोठ्या शाळेकडे निदान सभागृह असतं, त्यात मॅट टाकता येते. लहान शाळेचा संघ वर्षभर व्हरांड्यात 'कबड्डी कबड्डी' म्हणण्याचा सराव करतो आणि स्पर्धेच्या दिवशी मॅट पहिल्यांदा पाहतो. पायात बूट घालायचे की नाहीत, यावर त्यांची पहिली दोन मिनिटं जातात आणि तोवर एक लोण बसलेला असतो.

शाळांचे पटानुसार गट करण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो नाशिकमध्ये फार जोरात घेतला जातो: लहान शाळेचं रडगाणं कशाला, आमची कविता राऊत बघा! बघायलाच हवी. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य. वडाळीभोईची संजीवनी जाधव २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये कांस्य घेते. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, ज्या गावात पाण्यासाठी टँकरची वाट बघायची तिथला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौका वल्हवतो आणि तेरावा येतो. ही यादी वाचून छाती फुगते, आणि फुगावीच. पण फुगलेली छाती जरा खाली आली की यादीतलं एक साम्य डोळ्यांत भरतं. ही सगळी माणसं एकेकटी नावारूपाला आलेली आहेत. धावायला एकच मुलगी लागते. एकेरी नौकेत जागाच एकाची. (दत्तू तर नौकानयन सैन्यात जाऊन शिकला, पाणी आधी कुणीतरी दाखवावं लागतं.) सावरपाड्यात एक कविता राऊत जन्माला येऊ शकते, पण एकाच वयाच्या बारा कविता राऊत एकाच शाळेत, एकाच वर्षी जन्माला घालणं निसर्गालाही जड जातं. लहान गावातून धावपटू निघतात आणि सांघिक विजेते क्वचित निघतात, यात गावाच्या पाण्याचा गुण नाही, भागाकाराचा आहे. म्हणून वैयक्तिक खेळांना मी हात लावत नाही. १०० मीटरच्या रेषेवर ३,००० पटाची मुलगी आणि १५० पटाची मुलगी खुशाल शेजारी उभ्या राहाव्यात; तिथे शाळा धावत नाही.

या हिशेबाला एक अपवाद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यातल्या आदिवासी मुलामुलींनी खो-खोत जे नाव काढलं आहे, ते सांघिकच आहे. पण त्यात निवासी शाळांचा वाटा मोठा. आश्रमशाळेतली मुलं शाळेतच राहतात, पहाटे साडेपाचला मैदानावर असतात, संध्याकाळीही असतात. 'आमची मुलगी उशिरा घरी येते' अशी तक्रार घेऊन कुणी येत नाही, कारण घर डोंगरापलीकडे आहे. पट कमी, पण खेळायचा वेळ दुप्पट. शिवाय आदिवासी विकास विभाग, ज्याचं आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, आपल्या आश्रमशाळांच्या वेगळ्या क्रीडा स्पर्धा घेतो, प्रकल्प पातळीवरून विभागाकडे आणि राज्याकडे जाणाऱ्या. म्हणजे तिथली मुलं आधी आपल्या जोडीच्या शाळांशी भरपूर खेळतात आणि मग मोठ्यांशी भिडतात. माझ्या म्हणण्याविरुद्ध पुरावा म्हणून ही मुलं उभी केली जातात, पण ती माझ्याच बाजूने साक्ष देऊन जातात.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आहे. गट पाडले की चिमुकल्याने महाबलीला पाडण्याची गोष्टच संपेल, मग स्पर्धेत राम काय उरला? या आक्षेपाचं जन्मगाव अमेरिकेत आहे. इंडियाना राज्यातल्या मायलन या गावची शाळा, पट १६१, हिने १९५४ मध्ये मन्सी सेंट्रल या तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या शाळेला ३२-३० असं हरवून राज्याचं बास्केटबॉल अजिंक्यपद जिंकलं. त्यावर बेतलेला चित्रपट १९८६ मध्ये निघाला आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक मोठ्या शाळेला लहान शाळेच्या पराक्रमाचं फार कौतुक वाटू लागलं. पण ही गोष्ट ७० वर्षं सांगितली जाते, ती का? कारण तशी दुसरी सांगायला नाही. इंडियानाने त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत ठेवल्या, आणि तेवढ्या लहान शाळेला पुन्हा ते जमलं नाही. अखेर १९९७-९८ पासून त्यांनी पटानुसार चार वर्ग केले. लोक अजून भांडतात, जुन्या स्पर्धेच्या आठवणी काढून हळहळतात, आणि ती हळहळ खोटी नाही. पूर्वीची ती गंमत खरोखरच गेली. मात्र त्या गमतीचा खर्च कोण करत होतं, हेही विचारायला हवं. एका मायलनची गोष्ट टिकावी म्हणून शेकडो लहान शाळांनी दरवर्षी पहिल्या फेरीत हरायचं, ही गंमत प्रेक्षकांची आहे, खेळणाऱ्यांची नव्हे.

आणि लहान गटात जिंकणं म्हणजे कमी प्रतीचं जिंकणं, हा जो टोमणा असतो, तो महाराष्ट्राने तरी मारू नये. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं ते बँटमवेट गटात, ५७ किलोंच्या आतल्या पैलवानांशी लढून. 'जड वजनाच्या मल्लाशी खेळला असता तर कळलं असतं' असं त्यांच्या कऱ्हाडात कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही, आणि कुणी म्हटलं असतं तर त्याची कुस्ती तिथल्या तिथे लागली असती.

बेजोड सामना काय करतो, याचा महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला दाखला क्रिकेटचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १,००९ धावा केल्या. १८९९ पासून इंग्लंडच्या कॉलिन्सच्या नावावर असलेला ६२८ धावांचा विक्रम मोडला, जगभर बातमी झाली. मुलाचं कर्तृत्व निर्विवाद. दोन दिवस उन्हात उभं राहून तेवढे फटके मारायलाही अंगात काही लागतं. पण धावफलकाची दुसरी बाजूही वाचावी. के. सी. गांधी ३ बाद १,४६५. आर्य गुरुकुल ३१ आणि ५२. एक डाव आणि १,३८२ धावांनी विजय. त्या दिवशी आर्य गुरुकुलच्या संघात परीक्षांमुळे वरच्या वर्गांतले नेहमीचे खेळाडू नव्हते, बरीचशी लहान मुलं होती. त्या सामन्याने क्रिकेटबद्दल आपल्याला काय सांगितलं? एक शाळा त्या दिवशी संघ घेऊन आली होती आणि दुसरी हजेरी लावायला, एवढंच. सीमारेषेपलीकडून चेंडू परत आणणाऱ्या त्या मुलांची मुलाखत कुणी घेतली असती तर खेळाच्या शिक्षणमूल्यावर मोठा प्रकाश पडला असता. आपल्या तालुक्याच्या मैदानांवर असे सामने दर हंगामात होतात, फक्त कबड्डीत हजार गुण होत नाहीत म्हणून जगाला कळत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर मुद्द्याचा आहे: पट म्हणजे बळ नव्हे. नाशिकच्या गंगापूर रोडकडे किंवा शहराबाहेर अशा शाळा आहेत की पट बेताचा, पण जलतरण तलाव आहे, टर्फ आहे आणि प्रत्येक खेळाला पगारी प्रशिक्षक. त्यांना 'लहान शाळा' म्हणून लहान गटात घातलं तर सुरगाण्याच्या शाळेची कणव यायच्या आधी क्रीडा अधिकाऱ्यांची येईल. हे खरं आहे. पण अशा शाळांचा कल कुठल्या खेळांकडे असतो, हे पाहिलं तर चिंता बरीच कमी होते. शालेय खेळांची यादी आता इतकी लांबली आहे की तिच्यात तलवारबाजी आहे, स्केटिंग आहे, टेनिक्वाइट आहे, डॉजबॉल आहे. एखाद्या खेळाला जिल्ह्यातून दोनच संघ येतात. पैकी एकाची बस रस्त्यात बंद पडली की दुसऱ्याला 'पुढे चाल' मिळते आणि घाम न गाळता मुलं जिल्हा विजेती होतात. तलाव असलेली शाळा मातीतल्या खो-खोला सहसा येत नाही. गणवेश खराब होतो. तरीही शंका उरत असेल तर पटाबरोबर आणखी एक-दोन गोष्टी धराव्यात, पगारी प्रशिक्षक आहे की नाही, वसतिगृह आहे की नाही. मुलाचं वय आणि वजन दोन्ही बघतोच की आपण. माप अपुरं आहे म्हणून मोजायचंच नाही, असं म्हटलं तर वजनकाटाही भंगारात द्यावा लागेल, कारण पंचावन्न किलोचा प्रत्येक मुलगा काही सारखाच खेळत नाही.

मग येतो व्यवहारी माणसाचा आक्षेप. अहो, पटावर गट पाडलेत तर शाळा पट खोटा सांगतील! या आक्षेपाला महाराष्ट्रात इतिहासाचा भक्कम आधार आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती, आणि बोगस विद्यार्थ्यांचा आकडा लाखांत निघाला होता. मेलेली, स्थलांतर केलेली आणि कधी जन्मालाच न आलेली मुलं आपल्या शाळांच्या पटावर गुण्यागोविंदाने नांदत होती. पण बारकाईने पाहा: त्या सगळ्या शाळांनी पट फुगवला होता, कारण अनुदान, तुकड्या आणि शिक्षकांच्या जागा फुगलेल्या पटावर मिळतात. कबड्डीच्या लहान गटात शिरायचं तर पट आटवावा लागेल. चषकासाठी पट कमी दाखवायचा म्हणजे एक तुकडी गमवायची, दोन शिक्षक अतिरिक्त ठरवायचे. असा त्याग करणारी संस्था महाराष्ट्रात निघालीच, तर तिला चषक आधीच द्यावा, सामना न खेळवता. उलट हा नियम आला तर पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी ओढ लागेल आणि खरा आकडा मध्ये कुठेतरी नाइलाजाने सापडेल. शिक्षण खात्याने यासाठी तरी कबड्डीला उत्तेजन द्यावं.

खर्चाचं म्हणाल तर इथे आकडेमोड फारच अनुकूल आहे. तालुक्याला स्पर्धा बाद पद्धतीने होतात. २४ संघ असतील तर विजेता ठरायला २३ सामने लागतात, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो आणि २३ जणांना बाद करायचं असतं. आता बारा-बाराचे दोन गट करा. अकरा आणि अकरा, बावीस. मग दोन्ही गटांचे विजेते एकमेकांशी खेळवा आणि जो जिंकेल तो जिल्ह्याला पाठवा. झाले तेवीस. एक पंच जास्त लागत नाही, एक वडापाव जास्त लागत नाही. जिल्ह्याला संघ एकच जातो, त्यामुळे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण यांच्या फायलींवर धूळ होती तशीच राहते. तो शेवटचा सामना बहुतेक वर्षी मोठी शाळाच जिंकेल, याबद्दल माझा मुळीच गैरसमज नाही. पण तिथवर पोचलेली लहान शाळेची मुलगी तोवर एकाऐवजी तीन-चार सामने खेळलेली असेल. आज ती पहाटे पिकअपमध्ये कोंबून निघते, दोन तासांनी पोचते, चार तास मंडपात बसते, वीस-पंचवीस मिनिटं खेळते, त्यात तीन लोण खाते आणि परत निघते. वर्षभराच्या खेळाचा हिशेब तेवढ्यात मिटतो. आणि जिथे बाराही जणी जमत नाहीत, तिथे दोन शेजारच्या शाळांना मिळून एक संघ उतरवू द्यावा. जपानमध्ये शालेय बेसबॉलचं वेड किती आहे ते सांगायला नको, कोशिएनची स्पर्धा १९१५ पासून चालत आली आहे. पण गावं ओस पडू लागल्यावर त्यांनीही खेळाडू कमी असलेल्या शाळांना एकत्र संघ करायची मुभा दिली. आपल्याकडे यात एकच अडचण येईल: संघाच्या नावात आधी कुठल्या शाळेचं नाव, यावरून दोन मुख्याध्यापकांचा जो सामना होईल, त्याला वयोगट कोणता लावायचा?

'खेळात हार-जीत महत्त्वाची नसते, सहभाग महत्त्वाचा' हे वाक्य उरलं. ते उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणतात आणि समारोपाला जिंकलेल्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात. हरलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कुणी माइक देत नाही, त्यामुळे त्यांचं मत अजून नोंदलं गेलेलं नाही.

हे सगळं पटवून देण्यात एक चूक आहे, हे मला कळतं. न्यायाच्या मुद्द्यावर आपल्याकडे नियम बदलत नाहीत. न्याय ही गोष्ट बैठकीच्या विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' यात येते आणि तोवर चहा आलेला असतो. म्हणून खरा मुद्दा शेवटी मांडतो, आणि तो संस्थाचालकांसाठी आहे. गट केले की तालुक्यात प्रत्येक सांघिक खेळाचे, प्रत्येक वयोगटाचे, मुलांचे आणि मुलींचे विजेते दुप्पट होतात. विजेते दुप्पट झाले की चौकातले अभिनंदनाचे फ्लेक्स दुप्पट होतात. आणि फ्लेक्सवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, स्थानिक सल्लागार समिती व समस्त संचालक मंडळ यांची छायाचित्रं लावून झाल्यावर खालच्या कोपऱ्यात जी टाचणीच्या डोक्याएवढी जागा उरते, तिच्यात संघातल्या बाराही मुली अगदी व्यवस्थित मावतात.